दुबईची संध्याकाळची वाळवंट सफारी : कोणी जावे, कोणी गाडीत बसू नये

येळवस, म्हणजे आमच्याकडचा मार्गशीर्ष अमावस्येचा शेतातला सण, आटोपली, उरलेली भज्जी आणि आंबील शेजारीपाजारी वाटून झाली आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, एकाहत्तर वर्षांची आई आणि दहा वर्षांची मुलगी, लातूरहून हैदराबादमार्गे दुबईला निघालो. पाच दिवसांच्या मुक्कामातील एक संध्याकाळ जेवणासह वाळवंट सफारीसाठी राखून ठेवलेली होती. आमच्या ओळखीतली बरीच मंडळी ही सफारी करून आलेली आहेत. परंतु त्यांना विचारले की ‘एकदम भारी’ किंवा ‘पैसे पाण्यात’ यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही, म्हणून हे थोडे तपशिलाने लिहीत आहे.

सफारी म्हणजे प्रत्यक्षात तीन निरनिराळ्या गोष्टींची एकत्र बांधलेली मोट असते. पहिली म्हणजे वाळूच्या टेकड्यांवरून गाडी उसळवण्याचा अर्धा तास, दुसरी सूर्यास्ताची वीसेक मिनिटे आणि तिसरी कॅम्पवरची अडीच-तीन तासांची जत्रा व जेवण. जाहिरातीत चित्र पहिल्या गोष्टीचे असते, वेळ सर्वांत जास्त तिसरी खाते आणि माझ्या मते पैसे वसूल होतात ते दुसऱ्या गोष्टीत, जिचा उल्लेख पत्रकात जेमतेम एका ओळीत होता.

दुपारी पावणेतीनला हॉटेलच्या दारात लँड क्रूझर आली. एका गाडीत सहा प्रवासी बसवतात आणि आपण चौघे असलो तर उरलेल्या दोन जागांवर अनोळखी जोडपे येते, हे आधी ठाऊक असलेले बरे. मागच्या रांगेत गुडघे छातीशी येतात आणि टेकड्यांवर सर्वाधिक आदळआपट तिथेच होते, त्यामुळे उंच किंवा पाठदुखीच्या माणसाने मधल्या रांगेसाठी सुरुवातीलाच शब्द टाकावा. आमचा चालक पाकिस्तानातला होता. निजामी राजवटीच्या वारशाने आपल्या भागातल्या माणसाच्या कानांना उर्दू परकी नसल्यामुळे भाषेची अडचण अशी आलीच नाही. आईने तर त्याच्याकडून त्याच्या तिन्ही मुलांची नावे, वये आणि शाळा शहराची हद्द संपण्याआधीच काढून घेतल्या होत्या.

बहुतेक स्वस्त आणि मध्यम दराच्या सफारी हत्ता रस्त्यावरील लहबाबच्या परिसरात जातात. शहरापासून हा प्रवास पाऊण ते एक तासाचा आहे. तिथली वाळू तांबूस दिसते, कारण तिच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो, आणि उन्हे उतरू लागली की हा रंग अधिक गडद होतो. ज्यांना गाड्यांच्या गर्दीपेक्षा प्राणी आणि शांतता हवी आहे, त्यांच्यासाठी २२५ चौरस किलोमीटरचे दुबई वाळवंट संवर्धन क्षेत्र हा वेगळा पर्याय आहे. तिथे ठरावीक परवानाधारक कंपन्यांनाच प्रवेश मिळतो आणि दर बरेच अधिक पडतात. पण १९७२ च्या सुमारास रानातून नामशेष झालेला आणि नंतर पुन्हा रुजवलेला अरबी ऑरिक्स हा पांढरा, लांब शिंगांचा हरणासारखा प्राणी तिथे मोकळा फिरताना दिसतो. आमच्या सहलीत लहबाब होते आणि तक्रार करण्यासारखे त्या जागेत काहीही नव्हते.

वाळूत शिरण्यापूर्वी सगळ्या गाड्या एका थांब्यावर गोळा होतात. हा थांबा तांत्रिक कारणासाठीही असतो आणि खिसा हलका करण्यासाठीही. तांत्रिक कारण असे की, चालक चारही चाकांतली हवा काढून दाब पस्तीसच्या आसपासचा पंधरा-सोळापर्यंत खाली आणतो. टायर दबून पसरला की त्याचा जमिनीशी होणारा स्पर्श वाढतो, वजन मोठ्या क्षेत्रावर विभागले जाते आणि चाक वाळूत रुतत नाही. पावसाळ्यात काळ्या रानात रुतलेले ट्रॅक्टरचे चाक ज्याने पाहिले आहे, त्याला हे फार समजावून सांगावे लागत नाही. दुसरे कारण म्हणजे आजूबाजूची दुकाने. डोक्याला बांधायच्या रुमालाचे आमच्याकडे साठ दिरहम मागितले गेले आणि आम्ही पाठ फिरवताच तोच रुमाल पंचवीसला मिळाला. चार चाकी मोटारसायकलींचे, म्हणजे क्वाड बाइकचे, भाडे बहुतेक सफारींच्या दरात धरलेले नसते. अर्ध्या तासाला दीडशे दिरहम हा आकडा ऐकून मी मनातल्या मनात रुपये केले आणि मुलीची समजूत काढली. दिरहमचा भाव डॉलरशी बांधलेला आहे, एका डॉलरला सुमारे ३.६७ दिरहम, त्यामुळे रुपया घसरला की इथली प्रत्येक वस्तू आपल्यासाठी आपोआप महागते.

आमची खरी तक्रार याच थांब्यावरची आहे. आईला उसळणाऱ्या गाडीत बसवायचे नाही, हे आम्ही आरक्षण करतानाच सांगितले होते आणि ‘त्यांना थेट कॅम्पवर सोडण्याची सोय होईल’ असे तोंडी उत्तरही मिळाले होते. प्रत्यक्षात वेगळ्या गाडीचे जादा पैसे मागण्यात आले. अर्धा तास वाद घालून शेवटी दुसऱ्या कुटुंबातल्या दोन वृद्धांबरोबर आईची व्यवस्था झाली आणि पैसेही द्यावे लागले नाहीत. पण त्या गडबडीत सूर्यास्तापूर्वीची वीस मिनिटे हातची गेली. ज्यांच्याबरोबर ज्येष्ठ आहेत, त्यांनी ही सोय व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्यावी. गर्भवती स्त्रिया, हृदयविकार, मणक्याचा किंवा मानेचा त्रास असलेली माणसे, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आणि तीन वर्षांखालील मुले यांनी टेकड्यांवरच्या गाडीत बसू नये, आणि या बाबतीत ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्या नातेवाइकाचे मुळीच ऐकू नये.

टेकड्यांवरचा अनुभव शब्दांत सांगायचा तर आमच्याकडच्या आष्टामोडच्या रस्त्यावरील जुन्या खड्ड्यांची सवय इथे उपयोगी पडत नाही. खड्ड्यात धक्का वरून खाली बसतो, इथे गाडी कड्यावर चढून क्षणभर थबकते, समोर फक्त आकाश दिसते आणि मग ती एका अंगाला कलंडून सरकत खाली येते. गाडीच्या आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवलेला असतो, पट्टे सक्तीचे असतात आणि गाड्या एकमेकींच्या दृष्टीच्या टप्प्यात ताफ्यानेच चालतात, त्यामुळे भीती वाटली तरी बेशिस्त दिसली नाही. पहिली पाच मिनिटे मुलगी किंचाळली, पुढची दहा मिनिटे हसली आणि त्यानंतर तिचा चेहरा पांढरा पडला. दुपारी हलके जेवून, निघण्यापूर्वी तासभर आधी उलटीची गोळी घेतल्यास हा भाग निभावतो. आम्ही हॉटेलात बिर्याणी खाऊन निघालो होतो. चालकाला ‘सावकाश’ म्हटले की तो खरोखर सावकाश चालवतो, हे मात्र त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

त्यानंतर गाड्या एका उंच टेकडीशी थांबल्या. डिसेंबरअखेर तिथे सूर्य साडेपाचनंतर लगेच मावळतो, जूनमध्ये सात वाजून जातात. त्यामुळे हिवाळ्यात निघायला उशीर केला तर या सफारीचा सर्वांत चांगला भाग अंधारात जातो. बहुतेक प्रवासी छायाचित्रांसाठी गाडीजवळच राहतात. आम्ही चपला काढून दोनेकशे पावले पुढच्या कड्याच्या पलीकडे गेलो, तेव्हा इंजिनांचा आवाज एकदम बंद झाल्यासारखा वाटला आणि वाऱ्याने कड्यावरून वाळू सरकण्याचा बारीक खसखस आवाज तेवढा राहिला. वरची वाळू पायांना गार लागत होती आणि पाऊल खोल गेले की आत दिवसभराची ऊब होती. आमच्या वाट्याला याची जेमतेम दहा मिनिटे आली. वाद घालण्यात घालवलेली ती वीस मिनिटे मला अजून बोचतात.

कॅम्पवर पोहोचलो तेव्हा आई प्रवेशदाराजवळच्या एका झाडाखाली उभी होती आणि आम्हाला पाहताच म्हणाली, ‘‘लेकरा, हा तर सौंदडच की!’’ तिचे बरोबर होते. अमिरातींचा राष्ट्रीय वृक्ष असलेला घाफ म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी. राजस्थानात तिलाच खेजडी म्हणतात. खोलवर जाणाऱ्या मुळांमुळे हे झाड वाळवंटात पाण्यावाचून तग धरते आणि २०१९ मध्ये तिथे साजऱ्या झालेल्या सहिष्णुता वर्षाचे चिन्हही तेच होते. मार्गदर्शकाने यातले काही सांगितले नाही. त्याच्या माहितीचा साठा उंटाच्या किमतीपाशी संपत होता.

स्वागताला खजूर आणि गहवा मिळतो. हलकी भाजलेली, वेलदोड्याच्या वासाची, बिनसाखरेची ही अरबी कॉफी २०१५ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. आपल्या गोड चहाची सवय असलेल्याला पहिला घोट कडवट लागतो. खजुराचा घास आणि कॉफीचा घोट आलटून पालटून घेतला की गणित जमते. कप रिकामा होताच वाढपी पुन्हा भरतो, नको असेल तर कप हातात किंचित हलवून परत द्यायचा असतो. आईला हे उशिरा कळले, तोवर चौथा कप भरलेला होता.

उंटाची फेरी दरात धरलेली असते, पण ती पाच मिनिटांची असते. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार पुढे झुकतो; मागे रेलून घट्ट धरावे. मेंदी एका तळहातावर, छोट्या नक्षीची. ससाण्याबरोबरच्या छायाचित्राचे वेगळे पैसे.

बसण्याची व्यवस्था भारतीय बैठकीसारखी, गालिचा, लोड आणि बुटके मेज अशी होती. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी आधीच खुर्ची मागावी. आमच्या कॅम्पवर मागितल्यावर ती मिळाली. डिसेंबरात अंधार पडताच थंडी झपाट्याने वाढते, तेव्हा शाल बरोबर असावी. स्वच्छतागृहे बऱ्यापैकी स्वच्छ होती, पण रात्री आठनंतर रांग लागत होती.

जेवणाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण आमच्या भागातून जाणाऱ्यांत माळकरी, लिंगायत आणि जैन कुटुंबे पुष्कळ असतात. शाकाहारी पदार्थांचे मेज वेगळे मांडलेले होते. त्यावर हुमुस (काबुली चण्यांचे वाटण), तब्बुले (पार्सलीची कोशिंबीर), भाजलेल्या वांग्याचे मुतब्बल, जे फोडणी न दिलेल्या भरताच्या जवळ जाते, खबूस ही अरबी रोटी, भात, डाळ, मिश्र भाजी आणि पनीर होते. पनीर पंधरा मिनिटांत संपले ते पुन्हा आले नाही. कोळशावर भाजलेल्या पदार्थांची जाळी मात्र एकच होती. तिच्या एका टोकाला कोंबडी व कबाब आणि दुसऱ्या टोकाला मका व बटाटे भाजले जात होते आणि चिमटाही तोच फिरत होता. काटेकोर शाकाहार पाळणाऱ्याने त्या जाळीकडे जाऊच नये. कांदा-लसणाशिवायचे जेवण हवे असल्यास आरक्षणाच्या वेळीच सांगावे, ऐनवेळी काहीही होत नाही. मांसाहारी पदार्थांत कोंबडी रसरशीत होती, मटणाचे कबाब कोरडे होते. चवीला सगळेच सौम्य. आईने पिशवीतून शेंगाची चटणी काढून खबुसाला लावली, तेव्हा शेजारच्या केरळी कुटुंबानेही ताट पुढे केले. शेवटी आलेले लुकैमात, म्हणजे खजुराच्या पाकात घोळलेले तळलेले छोटे गोळे, आपल्या गुलगुल्यांचे सख्खे भाऊ शोभावेत असे होते आणि सगळ्या जेवणात तेच मला पुन्हा खावेसे वाटले.

जेवताना रंगमंचावर आधी तनुरा, मग बेली डान्स आणि शेवटी आगीचे खेळ झाले. तनुरातला नर्तक जड घेरदार झगा घालून दहा-बारा मिनिटे न थांबता गिरक्या घेतो, ते कौशल्य अस्सल आहे. परंतु हे नृत्य मिसरचे, म्हणजे इजिप्तचे, आहे आणि बेली डान्सचाही इथल्या बेदुइन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या टोळ्यांच्या, परंपरेशी संबंध नाही. काठ्या हातात घेऊन समोरासमोर रांगांत केले जाणारे अल-अय्याला हे स्थानिक नृत्य २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले असूनही आम्हाला ते पाहायला मिळाले नाही. ‘अस्सल अरबी संध्याकाळ’ या शब्दांवर माझा आक्षेप आहे तो एवढ्यासाठी. रमजानच्या महिन्यात बेली डान्स आणि वाजते संगीत कॅम्पवर नसते, आणि सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास म्हणजे पर्यटनाच्या ऐन हंगामात येतो, तेव्हा तारखा पाहून ठरवावे. कोणाला तेच दिवस अधिक सोयीचे वाटतील. मुलगी बरोबर असल्यामुळे माझ्या पत्नीने तसे बोलूनही दाखवले.

कार्यक्रम संपल्यावर कॅम्पचे सगळे दिवे तीन मिनिटांसाठी मालवले गेले. अमावस्या नुकतीच होऊन गेलेली असल्याने चंद्रकोर केव्हाच मावळली होती. पूर्वेला मृग वर आला होता आणि कृत्तिकांचा पुंजका आईने चष्म्याशिवाय ओळखला. तीन मिनिटांनी निवेदकाने टाळ्या मागितल्या आणि ध्वनिक्षेपक पुन्हा सुरू झाले.

परत निघताना त्याच थांब्यावर चाकांत हवा भरली गेली आणि पावणेदहाला आम्ही हॉटेलात होतो. चालकाला बक्षिशी सक्तीची नाही. आम्ही वीस दिरहम दिले, आईने चटणीची उरलेली पुडी दिली. पुन्हा जायचे झाले तर मी क्वाड बाइक, पुढच्या रांगेतली खास बैठक वगैरे कशावरही जादा पैसे खर्च करणार नाही. फक्त आमच्या कुटुंबापुरती स्वतंत्र गाडी घेईन, टेकड्यांवरची उसळाउसळ दहा मिनिटांत आटोपायला सांगेन आणि उरलेला वेळ त्या कड्याच्या पलीकडे बसेन, आणि या वेळी आईही बरोबर असेल.