ग्रुपला पास थ्रू ठेवावं की नॉर्मल?

फोटो एडिट करताना लेअर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) ग्रुपमध्ये टाकले आणि फोटोवर राखाडी पडदा आला, आता ग्रुप मोडायचा का, असं एकाने विचारलं. मोडू नका, आधी ग्रुपचा ब्लेंड मोड बघा, म्हणजे तो खालच्या लेअरमध्ये कसा मिसळतो ती सेटिंग. पास थ्रू आणि नॉर्मल हे तिचेच दोन पर्याय.

खालच्या लेअरशी नातं: खरा फरक इथेच आहे. फोटोशॉपमध्ये नवा ग्रुप पास थ्रू असतो, म्हणजे आतले लेअर जणू ग्रुप नाहीच अशा थाटात खालच्या फोटोत मिसळतात. नॉर्मल केलं की आतला हिशेब आधी आतच मिटतो आणि तयार चित्र खाली बसतं. डॉज-बर्नचा (फोटोचे भाग उजळ-गडद करण्याचा) ५० टक्के राखाडी, सॉफ्ट लाइट मोडमधला लेअर एकटाच अशा ग्रुपमध्ये असेल, तर त्याला मिसळायला खाली काही उरत नाही. मग राखाडी दिसणारच!

कर्व्ह्ज, ह्यू-सॅच्युरेशन (उजेड आणि रंग बदलणारे ॲडजस्टमेंट लेअर): पास थ्रूमध्ये यांचा परिणाम ग्रुपखालच्या सगळ्यांवर होतो. फक्त दागिन्यांचा रंग सुधारायचा होता आणि अख्खी नवरी पिवळी झाली, तर कारण बहुधा हेच.

मेहनत: नॉर्मलमध्ये प्रत्येक ॲडजस्टमेंट क्लिप करत, म्हणजे फक्त खालच्या लेअरपुरती बांधत, बसावं लागत नाही. पास थ्रूमध्ये लागतं.

गिंप हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी उलटं धरावं. तिथे नवा ग्रुप नॉर्मल असतो. पास थ्रू गिंपच्या २.१० आवृत्तीपासून मिळतो, तो स्वतः निवडायचा.

त्वचेचं रिटचिंग, डॉज-बर्न, पूर्ण फोटोचं कलर ग्रेडिंग करणाऱ्यांनी पास थ्रू ठेवावं. कापून आणलेली वस्तू, लोगो, कोलाज यांना नॉर्मलच बरं.