ऑप्टिकल डीओ मीटर : कोळंबीच्या तळ्यावर हंगामभर वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो. कोळंबीचं तळं असेल तर डीओ मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन (डीओ) मोजणारं यंत्र घ्या, आणि परवडत असेल तर ऑप्टिकल प्रोबचाच (पाण्यात बुडवायचा, प्रकाशावर चालणारा संवेदक) घ्या. मात्र ‘यानं रोग थांबतात’ असं सांगून कुणी तो गळ्यात मारत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा. रोगाला वाट कुठल्या वेळी आणि तळ्याच्या कुठल्या कोपऱ्यात मोकळी होतेय, तेवढं मीटर दाखवतो. माझ्या लेखी तेवढंही पुष्कळ आहे.

याआधी थेंबांचं किट वापरत होतो. बाटलीत बुडबुडा न राहू देता नमुना भरायचा आणि रंग जाईपर्यंत थेंब मोजत बसायचं. दिवसा ठीक आहे. पहाटे अंधारात, डास फोडून काढत असताना प्रत्येक तळ्याचं असं कुणी करत नाही. वहीत आकडे मात्र भरलेले असतात! आणि डीओची खरी परीक्षा पहाटेच असते. दिवसा प्लवंग (पाण्यातली सूक्ष्म हिरवी शेवाळं) ऑक्सिजन तयार करतात. रात्री तेच प्लवंग, कोळंबी आणि तळातला गाळ मिळून तो संपवतात. दुपारी ९ पीपीएम दाखवणारं हिरवंगार तळं पहाटे ३ च्या खाली आलेलं असू शकतं. व्हेनामीला (तळ्यात वाढवायची कोळंबीची जात) डीओ ४ च्या वर असलेला बरा. तो ३ च्या खाली गेला की ती खाणं कमी करते, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू होतं.

गॅल्व्हॅनिक प्रोब स्वस्त पडतो, पण त्याचा पडदा आणि आतलं द्रावण बदलत राहावं लागतं. शिवाय तो स्वतः थोडा ऑक्सिजन खातो, त्यामुळे पाण्यात हलवत ठेवला नाही तर आकडा खाली येत जातो. ऑप्टिकलला ती भानगड नाही. बुडवा, आकडा स्थिर होऊ द्या, वाचा. गड्याला शिकवायला एक फेरी पुरली.

सगळ्यात मोठी खोट क्षारतेच्या (पाण्याच्या खारटपणाच्या) सेटिंगमध्ये आहे. माझ्याकडच्या मॉडेलमध्ये सेल बदलले की क्षारता गुपचूप शून्यावर जाते, स्क्रीनवर त्याची सूचनाही येत नाही. ३० अंशाला गोड्या पाण्यात साधारण ७.५ पीपीएम ऑक्सिजन मावतो, ३५ पीपीटीच्या, म्हणजे समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात जेमतेम ६.२. म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या तळ्यावर सेटिंग शून्य राहिलं, तर मीटर ४ दाखवतो तेव्हा पाण्यात खरे ३.३ च असतात. ‘मीटर तर ४ दाखवत होता’ म्हणणारे भेटतात, त्यातल्या निम्म्यांचा घोळ हाच असावा असा माझा संशय आहे. आता सेलच्या झाकणावरच मार्करनं ‘क्षारता’ लिहून ठेवलंय.

दुसरी गोष्ट खोलीची. कोळंबी तळाशी राहते, आणि बहुतेक लोक बांधावरून हात पोचेल तिथलं वरचं पाणी मोजतात. केबलला वजन बांधून प्रोब तळापासून वीतभर वर धरला की वेगळंच तळं दिसतं. मोठा पाऊस पडून गेल्यावर हे फार ठळक कळतं. गोडं पाणी हलकं, ते वर पसरतं, खालचं खारं पाणी झाकलं जातं. वर ५ च्या पुढे आणि त्याच जागी खाली ३ सुद्धा नाही, असे आकडे मी स्वतः वाचलेत. अशा वेळी पॅडल व्हील एरेटर (पाणी ढवळून त्यात हवा मिसळणारी चाकं) दिवसासुद्धा चालू ठेवायचे आणि वरचं गोडं पाणी निचऱ्यातून सोडून द्यायचं. एरेटरच्या प्रवाहानं गाळ जिथे जमतो, तो भाग तर रोज मोजण्याजोगा. खाद्य तिथे टाकू नका, चेक ट्रेही (कोळंबी किती खाते ते बघायला पाण्यात ठेवायची ताटली) तिथे लावू नका.

आता रोगांचं. व्हिब्रिओ जिवाणू तळ्यात असतातच. उरलेलं खाद्य कुजलं, तळ काळा पडला, कोळंबी मलूल झाली की त्यांचं फावतं. इथे मीटर कामाला येतो. पहाटेचा आकडा घसरलेला असेल तर सकाळचं खाद्य कमी करायचं किंवा तो वर येईपर्यंत थांबवायचं. नंतर चेक ट्रे उचलून आतडं भरलंय का, विष्ठेचा रंग काय, हे बघायचं. विष्ठेचे पांढरे धागे तरंगताना दिसले तर पुढची तपासणी त्याच दिवशी. या क्रमामुळे खाद्याची नासाडी कमी झाली आणि दर आठवड्याला ओतल्या जाणाऱ्या ‘टॉनिक’च्या बाटल्या बंद झाल्या, कारण त्या ओतल्यानं आकड्यात काही फरक पडताना दिसेना.

पण व्हाइट स्पॉट हा विषाणूचा रोग आहे. तो बिजाबरोबर, पाण्याबरोबर किंवा खेकड्यांबरोबर येतो. मीटर ७ दाखवत असतानाही येतो. तिथे पीसीआरनं (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी) तपासलेलं बीज, साठवण तळ्यात क्लोरीन मारून, क्लोरीनचा अंश उतरल्याची खात्री करून घेतलेलं पाणी आणि खेकड्यांसाठी कुंपण, एवढेच उपाय. ईएचपी (कोळंबीच्या पचनग्रंथीत वाढणारा सूक्ष्म परजीवी) त्याहून कावेबाज. सहसा मोठी मर नाही, मुख्यतः वाढ खुंटते. औषध नाही, आणि बीजाणू गाळात टिकून राहतात. दोन पिकांच्या मधे तळ सुकवून, चुनकळी मिसळून मातीचा पीएच १२ पर्यंत नेला तर उपयोग. वरवर चुना भुरभुरवण्याला अर्थ नाही. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि मालात अँटिबायोटिकचे अंश सापडले की माल परत येतो, हे पुन्हापुन्हा सांगावं लागतं याचंच नवल वाटतं.

अमोनियाही मीटर दाखवत नाही. डीओ चांगला आणि कोळंबी तरी सुस्त, असं दिसलं की दुपारचा पीएच बघा. पीएच ८ ला एकूण अमोनियातला साधारण चौदावा भाग विषारी रूपात असतो, ९ ला चाळीस टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून पीएच पेन सोबत हवंच.

एक गोष्ट माहितीपत्रकात सापडली नाही. प्रोब स्वतःच रोग वाहून नेऊ शकतो. एका तळ्यातून काढून ओल्या केबलसकट दुसऱ्यात टाकायचा, आणि फाटकाशी मात्र पाय धुवायला क्लोरीनची ताटली ठेवायची, हा विनोदच झाला. आम्ही फेरी निरोगी तळ्यांपासून सुरू करतो, संशयित तळं सगळ्यात शेवटी. मधे केबल आणि वजन सौम्य क्लोरीनच्या बादलीत बुडवून स्वच्छ पाण्यानं धुतो. प्रोबच्या टोकावरच्या कॅपला स्पिरिट अजिबात लावू नका, तिचा थर खराब होतो. ती मऊ ओल्या कापडानं पुसायची आणि उन्हात उघडी टाकायची नाही.

तक्रारी आहेतच. स्क्रीनचा उजेड अपुरा. ओल्या बोटांनी बटणं नीट दबत नाहीत. केबलचा जोड ढिला झाला तेव्हा कंपनीनं दुरुस्तीला इतके आठवडे लावले, की तोवर जुनं किटच बाहेर काढावं लागलं. कॅप काही काळानं बदलावी लागते. ती वेगळी मिळते का, हे घेण्याआधीच विचारून घ्या.

माशांच्या तळ्यावरही हाच मीटर चालतो. तिलापिया पृष्ठभागावर येऊन तोंड उघडायला लागते तेव्हा उशीर झालेला असतो; आकडा त्याच्या बराच आधी बोलतो. पण ज्यांच्याकडे एरेटर नाहीत, त्यांनी आधी एरेटर घ्यावेत, साधारण चारशे-पाचशे किलो कोळंबीमागे एक अश्वशक्ती धरून. वीज जात असेल तर त्याबरोबर जनरेटर. मीटर त्यानंतर.