पाहुण्यांना घेऊन कॅम्पिंग: आपले तंबू, तयार कॅम्प की खोलीच्या अंगणात तंबू?

बाहेरगावचे नातेवाईक आठवडाभर येणार म्हटलं की घरातलं कुणीतरी बोलून जातं, ‘एक रात्र तंबूत काढू या.’ मुलांच्या कानावर ते पडलं की माघार घ्यायची सोय नाही. मग ठरवायचं उरतं ते एवढंच: सगळं सामान आपलं घेऊन मोकळ्या जागी तंबू ठोकायचे, उभारलेले तंबू आणि जेवण मिळतं अशा तयार कॅम्पवर जायचं, की एखादी खोली घेऊन तिच्याच अंगणात तंबू लावायचे?

माझा कल आधीच सांगून टाकते. मंडळी सात-आठच्या वर असतील आणि त्यांत आजी-आजोबाही आहेत, तान्हं मूलही आहे, तर खोली आणि अंगण. पाहुणे तंबूत राहून आलेले, काटक असतील तर बिनधास्त आपले तंबू. तयार कॅम्प मधल्या लोकांसाठी: हौस आहे, पण सामान नाही आणि यजमानाला राबायचं नाही. हा निर्णय नुसत्या पैशांवर घेऊ नका. अशा सहलीत सगळ्यांत महाग पडते ती न झालेली झोप, आणि त्यानंतर यजमानाचा वेळ.

यजमान दिवसभर काय करत असतो

आपले तंबू नेले की दिवस असा जातो: सपाट जागा शोधा, दगड-काटक्या वेचा, तंबू उभे करा, पाणी आणा, शेगडी मांडा, जेवण, भांडी, अंधारात आवराआवर. ही कामं ज्याला येतात त्याच्याच अंगावर पडतात, आणि ती येतात यजमानाला. पाहुणे विचारतात, ‘‘मी काय करू?’’ उत्तर ठरलेलं, ‘‘काही नको हो, तुम्ही बसा.’’ मग काकू खुर्चीत अवघडून बसतात आणि यजमान चार पावलांवर वाकून मेखा ठोकत असतो. इतक्या दिवसांनी भेटलेली माणसं संध्याकाळभर एकमेकांशी धड बोलत नाहीत.

हे टाळायचं तर कामं घरूनच वाटून न्यावी लागतात, तीही नेमकी. ‘जरा हातभार लावा’ म्हणून काही होत नाही. ‘काका, पाण्याचे कॅन तुमच्याकडे, उद्या निघेपर्यंत’ असं सांगितलं की काका खूश आणि पाणीही पुरतं. चुलत-मावस भावंडांची तरुण टोळी असेल तर तंबू ठोकणं हाच कार्यक्रम होतो, हेही खरं. तशा घरांत पहिल्या पर्यायाची मजा दुसऱ्या कशात नाही. फक्त मावळतीच्या दोनेक तास आधी जागेवर पोहोचा, आणि तंबू नवा असेल तर एकदा घरीच उघडून बघा.

तयार कॅम्पवर कष्ट वाचतात, पण वेळापत्रक त्यांचं चालतं. जेवण त्यांच्या वेळेला, दिवे त्यांच्या वेळेला, स्पीकर शेजारच्या ग्रुपचा. गर्दीच्या दिवसांत ‘निसर्गाची शांतता’ हा शब्द जाहिरातीतच राहतो. पण बारा माणसं एका पंगतीत बसून निवांत जेवतात, आणि त्यांत यजमानही असतो. ही गोष्ट मला मोठी वाटते.

खोली-अंगणात दोन्हींचं थोडं थोडं मिळतं. ओटा, नळ आणि छप्पर असल्यामुळे स्वयंपाक सोपा होतो. दुपारी बाळाला झोपवायला जागा मिळते. आजोबांना तासभर पाठ टेकायची असेल तर कुणाची परवानगी लागत नाही.

रात्र

खरा निकाल इथे लागतो. सुरुवात तंबूवरच्या आकड्यापासून करू. ‘चार माणसांचा तंबू’ म्हणजे साधारण ६० सेंटीमीटर रुंदीच्या चार मॅट एकमेकींना चिकटून मावतील एवढी जागा. त्यात बॅगा नाहीत, कूस बदलणं नाही. घरातल्यांचं एक वेळ चालून जातं, पण दीर-जावा, मेहुणे असे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून झोपणार नाहीत. मोठ्या माणसांसाठी आकडा निम्मा धरा: चारच्या तंबूत दोघं आणि त्यांचं सामान. आठ मोठी माणसं असतील तर असे चार तंबू हवेत. ते तुमच्याकडे आहेत का, तेवढ्या स्लीपिंग बॅगा आहेत का, हे मोजलं की पहिला पर्याय बऱ्याच घरांत तिथेच बाद होतो.

मागून आणलेली बॅग असेल तर तिच्या लेबलवर एक नजर टाका. आयएसओ २३५३७ या मानकानुसार तपासलेल्या बॅगेवर ‘कम्फर्ट’, ‘लिमिट’ आणि ‘एक्स्ट्रीम’ अशी तीन तापमानं असतात. दुकानदार मोठ्याने सांगतो तो आकडा बहुधा शेवटचा असतो आणि तो जीव वाचण्यापुरता आहे, झोप लागण्यापुरता नाही. पाहुण्यांसाठी ‘कम्फर्ट’च बघायचं. डोंगरावर जात असाल तर दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते, हेही धरून चाला. दरीच्या तळाशी सपाट, सुंदर जागा दिसते, पण रात्री थंड हवा जड होऊन तिथेच साचते. थोडी वरची, वाऱ्याच्या आडोशाची जागा बरी.

थंडी वरून येते तितकीच खालून येते. अंगाखाली बॅग दबते, तिच्यातली हवा जाते आणि ऊब संपते. म्हणून मॅट पांघरुणाइतकीच महत्त्वाची. इथे एक चकवा आहे. हवा भरायची जाड गादी ऐसपैस दिसते म्हणून ती मोठ्या प्रेमाने सासूबाईंना दिली जाते. पण आत अस्तर नसेल तर गादीतली हवा खेळती राहून जमिनीचा गारवा अंगापर्यंत आणते. तिच्यावर फोमची मॅट किंवा जाड घोंगडी अंथरली की काम भागतं. तयार कॅम्पवर गाद्या मिळतात, पण पांघरुणं किती आणि पुरेशी उबदार आहेत का, ते विचारावं लागतं. खोलीत हा प्रश्नच येत नाही.

आणि थंडी वाजली म्हणून कुणी ‘शेगडी जरा आत घेऊ’ म्हणालं तर तिथे भीड ठेवू नका. कोळसा असो वा गॅस, बंद तंबूत जळणातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. विझत आलेल्या निखाऱ्यांची शेगडीही बाहेरच. तंबूची वरची खिडकी थोडी उघडी ठेवा. ती पुरती बंद केली तर सगळ्यांच्या श्वासातली वाफ कापडावर जमून पहाटे ठिबकते, आणि पाहुणे समजतात तंबू गळतोय.

आता रात्री दोन वाजता आजींना उठायचं आहे असं धरा. त्या जमिनीच्या पातळीवर आहेत. आधी कुशीवर, मग हातावर भार, मग गुडघा. धरायला काहीच नाही, कापडाची भिंत हाताला लागून नुसती मागे जाते. आतल्या जाळीची चेन, मग बाहेरची चेन, दोन्हींचा आवाज सगळ्या कुटुंबाला ऐकू येणारा. चपला बाहेर, दवाने ओल्या. दोन पावलांवर तंबूची ताणलेली दोरी, अंधारात न दिसणारी. हे सगळं पार पडल्यावर स्वच्छतागृह किती लांब, हा प्रश्न. आजी काही बोलत नाहीत. त्या संध्याकाळपासून पाणी पिणंच बंद करतात. म्हणून ज्येष्ठांसाठी पर्याय निवडताना मी दुसरं काही विचारतच नाही: झोपायची जागा गुडघ्याच्या उंचीवर आहे का आणि स्वच्छतागृहापर्यंत दिवा आहे का? उभं राहता येईल एवढ्या उंच तंबूत खाट टाकलेली असेल, तशी काही तयार कॅम्पवर असते, तर अर्धी अडचण सुटते. खोलीत सगळीच सुटते.

मोकळ्या जागी स्वच्छतागृह नसेल तर पाण्यापासून किमान ६० मीटर लांब जाऊन १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा करायचा आणि नंतर बुजवायचा, असा रिवाज आहे. तरुणांना हे समजावणं सोपं. नव्या सुनेला किंवा व्याह्यांना समजावून बघा, आणि मग पर्याय ठरवा.

घोरणं राहिलंच. कापड आवाज अडवत नाही. घोरणाऱ्यांचा तंबू वारा जिकडे वाहतो त्या बाजूला थोडा लांब लावा, किंवा कानात घालायचे बोळे सरळ सगळ्यांना वाटा. हसत हसत वाटले तर कुणाला राग येत नाही.

पाहुण्यांच्या बॅगेतून काय येणार

‘आमचं सामान आम्ही आणतो’ असं पाहुणे म्हणतात तेव्हा ते कशाने येणार ते विचारा. विमानाने येत असतील तर गॅसचा डबा ना हातातल्या बॅगेत चालतो, ना सामानात. तो इथेच घ्यावा लागतो, आणि त्यांची शेगडी तुमच्या डब्याला बसते का ते आधी पाहावं लागतं. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत, सर्वसाधारणपणे १०० वॉट-तासांपर्यंत. २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक ७४ वॉट-तासांच्या आसपास, म्हणजे चालते. तंबू, बॅगा, मॅट यांचं वजन वेगळं. थोडक्यात, विमानाने येणाऱ्या पाहुण्यांसाठी ‘आपले तंबू’ म्हणजे ‘यजमानाचे तंबू’.

परदेशातून येत असतील तर कॅम्पिंगची रात्र लगेच ठेवू नका. शरीराला नव्या वेळेत बसायला ढोबळमानाने दोन देशांच्या वेळेतल्या फरकाच्या दर तासामागे एक दिवस लागतो. पहाटे तीनला टक्क जागं झालेलं पोर तंबूत ठेवणं हे वेगळंच काम आहे. उंचीवर, म्हणजे २५०० मीटरच्या वर जायचं असेल तर वाटेत एखादा मुक्काम ठेवा, नाहीतर डोकेदुखी आणि मळमळ यांतच रात्र जाते.

उरलेलं थोडक्यात

पाऊस पडला तर तयार कॅम्प आणि खोली, दोन्ही तरतात. आपल्या तंबूंत बारा माणसांना एकत्र बसायला कोरडी जागा नसते, त्यामुळे वरून एक मोठी ताडपत्री न्यायलाच हवी. तंबूखाली घालायचं प्लास्टिक तंबूच्या कडेबाहेर येऊ देऊ नका. पाणी त्यावर साचून थेट पाठीखाली येतं.

स्वयंपाक आपला असेल तर शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त तसंच उघड्यावर राहू देऊ नका, कडक उन्हात तासभरच. झऱ्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि २००० मीटरच्या वर तीन मिनिटं उकळायचं. बारा जणांसाठी हे करत बसण्यापेक्षा गाडीतून पाणी नेलेलं परवडतं.

किती रात्री? आपले तंबू असतील तर दोन, कारण एका रात्रीसाठी एवढी मांडामांड अंगावर येते, आणि नव्या जागी पहिल्या रात्री झोप तशीही अर्धवटच लागते. तयार कॅम्पवर एक पुरे. खोली-अंगणात मुलं दुसरी रात्र मागतातच, तेव्हा ती मोकळी आहे का ते आधीच बघून ठेवा.

खोली घेताना फोनवर एवढं विचारा: अंगण सपाट आहे का, तिथे तंबूला आणि शेकोटीला परवानगी आहे का, रात्री स्वच्छतागृहाचा दिवा चालू राहतो का, मेख जाईल अशी माती आहे की फरशी? फरशी असेल तर स्वतःच्या कमानीवर उभा राहणारा तंबूच चालेल, तोही कोपऱ्यांवर वजन ठेवून. आणि खोली एकच घेतली तरी किल्ल्या दोन मागून घ्या: एक आजींच्या उशाशी, एक बाहेरच्या तंबूत. म्हणजे रात्री कुणाला आत जायचं झालं तर आजींना उठून दार उघडावं लागणार नाही.