स्लॅबमधून उतरणारी उष्णता मोजायची आहे: थर्मोकपल, पीटी-१०० की इन्फ्रारेड कॅमेरा?

गच्चीला पांढरा रंग दिल्यावर खालच्या खोलीत उतरणारी उष्णता किती घटते, हा प्रोजेक्ट नागपुरात दरवर्षी कुणीतरी घेतं. घ्यायलाच हवा. मे महिन्याच्या शेवटी इथे दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि वरच्या मजल्यावरची माणसं रात्रभर कूलर लावूनही तळमळतात. प्रश्न एवढाच, की बजेट बेताचं असताना पैसे कोणत्या सेन्सरमध्ये घालायचे.

आधी एक गणित करा. स्लॅब १२५ मिमी, काँक्रीटची उष्णतावाहकता मीटर-केल्विनला साधारण १.५ वॅट आणि भर दुपारी वरच्या व खालच्या पृष्ठभागात १५ अंशांचा फरक धरला, तर दर चौरस मीटरला १८० वॅट उष्णता खाली येते. इथे तुम्हाला तापमान नकोय, दोन तापमानांतला फरक हवाय. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा जोड, जो तापमानाच्या फरकानुसार बारीकसा व्होल्टेज देतो; के-टाइप म्हणजे त्यातली निकेल मिश्रधातूंची जोडी. सेन्सरची मान्य चूक ठरवणारं स्टँडर्ड क्लास २, म्हणजे दुसऱ्या दर्जाच्या, के-टाइपला या पट्ट्यात ±२.५ अंशांची मुभा देतं. दोन सेन्सर उलट दिशांना चुकले तर १५ मध्ये ५ अंशांची चूक, म्हणजे निकालाचा तिसरा हिस्सा गेला. त्यातून स्लॅब उष्णता साठवून ठेवतो, त्यामुळे हे सूत्र दुपारच्या एका क्षणाला लावता येत नाही. पूर्ण २४ तासांची सरासरी घ्यावी लागते. सरासरीत फरक आणखी लहान होतो, चूक मात्र तेवढीच राहते.

या हिशेबात पीटी-१००, म्हणजे तापमानाबरोबर रोध वाढणारा प्लॅटिनमचा सेन्सर, सरळ पुढे आहे. शून्य अंशाला १०० ओहम, पुढे दर अंशाला साधारण ०.३८५ ओहम. क्लास ए, म्हणजे वरच्या दर्जाचा, असेल तर ६० अंशांना चूक ±०.२७ च्या आत. पण दोन वायरचा घेऊ नका. लांब वायरीचा रोध १ ओहम जरी भरला तरी रीडिंग अडीच अंशांनी जास्त येतं. तीन वायरचा घ्या, लॉगर (रीडिंग नोंदवणारं यंत्र) परवानगी देत असेल तर चार वायरचा. स्टीलच्या नळीतला जाडा प्रोब पृष्ठभागावर नीट बसत नाही, त्यापेक्षा पातळ चपटा एलिमेंट थर्मल पेस्ट लावून चिकटवा.

थर्मोकपलला मोडीत काढू नका. दहा-बारा ठिकाणी मोजायचं असेल तर तोच परवडतो, आणि त्याचं बारीक टोक तापमानातला बदल चटकन पकडतं. फक्त के ऐवजी टी-टाइप, म्हणजे तांबं-कॉन्स्टंटन घ्या. त्याच्या क्लास १ ला ±०.५ अंश मुभा आहे. सगळे एकाच रिळातून कापा. एका रिळाच्या तारा बहुधा एकाच बाजूला चुकतात, त्यामुळे फरक काढताना चुकीचा मोठा भाग आपोआप उडतो.

थर्मोकपलचे प्रयोग बिघडतात ते बहुतेक वायरिंगमध्ये. के-टाइपची तार आखूड पडली म्हणून बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) साधी तांब्याची वायर आणून पुढे जोडली, जोड ६० अंशांच्या स्लॅबवर आणि लॉगर ४० अंशांच्या जिन्यात, तर रीडिंग तब्बल २० अंशांनी कमी दिसेल. वायर वाढवायची तर त्याच टाइपची एक्स्टेंशन केबल हवी. लॉगरही उन्हात नको, कारण टर्मिनलचं तापमान हलतं आणि कोल्ड जंक्शनची, म्हणजे तार लॉगरला जोडते त्या टोकाच्या तापमानाची, भरपाई चुकते. तार टोकाजवळ काही सेंटिमीटर पृष्ठभागाला चिकटूनच न्या. सरळ वर उचलली तर तारच उष्णता वाहून नेते. वर चमकदार अॅल्युमिनियम टेप लावलीत तर ऊन परतवणारा एक वेगळाच तुकडा तयार होतो. गच्चीला जो रंग दिलाय तोच टेपवर द्या.

कॅमेरा भुरळ घालतो. रंगीत चित्र रिपोर्टमध्ये छान दिसतं, पण अचूकता सहसा ±२ अंश किंवा २ टक्के. काँक्रीटची एमिसिव्हिटी (उष्णतेची किरणं सोडण्याची क्षमता, जास्तीत जास्त १) ०.९ च्या वर असल्यामुळे तिथे तो ठीक चालतो. शेजारच्या नव्या टिनपत्र्यावर रोखून पाहा: हात टेकवत नाही इतका तापलेला पत्रा कॅमेऱ्यात थंड दिसेल, कारण चमकदार पत्रा स्वतः फार कमी किरणं सोडतो आणि वरच्या निरभ्र थंड आकाशाचं प्रतिबिंब दाखवतो. त्याच्यावर काळी इलेक्ट्रिकल टेप चिकटवा आणि त्या टेपवर मोजा. कॅमेरा विकत घेऊ नका, एका दिवसापुरता मागून आणा. बीम कुठे आहे, ओल कुठे आहे हे पाहून सेन्सरची जागा ठरवायला तो उत्तम आहे.

माझं मत स्पष्ट आहे. रंग दिलेला आणि न दिलेला, अशा दोनच तुकड्यांची तुलना असेल तर प्रत्येकी वर एक आणि खाली एक असे एकूण चार पीटी-१०० घ्या. अख्ख्या गच्चीचा नकाशा हवा असेल तर टी-टाइप. कोराडीच्या वीज केंद्रातल्या बॉयलरसारखी ५०० अंशांवरची वाफ मोजायची असती तर के-टाइप सुचवला असता. गच्चीला त्याची गरज नाही.

काहीही घेतलंत तरी चिकटवण्याआधी सगळे सेन्सर एकत्र बांधून थर्मासमध्ये, कुटलेला बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणात बुडवा आणि प्रत्येकाचा शून्यापासूनचा फरक लिहून ठेवा. मग उकळत्या पाण्यात तेच करा. तिथे १०० ची अपेक्षा धरू नका. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचावर आहे, इथे पाणी ९९ च्या आसपास उकळतं आणि उन्हाळ्यात हवेचा दाब उतरला की आणखी किंचित खाली. त्या दिवसाचा प्रत्यक्ष दाब बघून उत्कलनबिंदू काढा.