डबा, रेल की जुना स्टुडिओ कॅमेरा? घरी ४×५ बांधायचा तर

४×५ इंची शीट फिल्मचा, म्हणजे एका वेळी फिल्मचं एकच सुटं पान घालायचा, कॅमेरा घरी बांधायचा तर तीन वाटा आहेत. एक, ठरावीक फोकसचा लाकडी डबा. दोन, मोनोरेल, म्हणजे एकाच रुळावर सरकणाऱ्या दोन चौकटी आणि मध्ये भाता. तीन, बंद पडलेल्या स्टुडिओतला जुना हाफ प्लेट किंवा फुल प्लेट कॅमेरा आणून त्याला ४×५ची पाठ, म्हणजे फोकसची काच आणि फिल्म बसते तो मागचा भाग, बसवणं. कोल्हापुरात तिन्ही जमतात. सुतार आहेत, उद्यमनगरात लेथ आहे आणि पाडलेल्या वाड्यांचं मुरलेलं सागवानही अधूनमधून मिळतं. बाबूराव पेंटरांनी चलच्चित्राचा कॅमेरा याच गावात बांधला. त्यात दातेरी चाकं आणि फिल्म ओढणारा पंजा असतो. शीट फिल्मच्या कॅमेऱ्यात तसलं काही नाही. इथे सगळा खेळ लेन्सची आणि फिल्मची पातळी समांतर ठेवण्याचा आणि उजेड अडवण्याचा.

आधी पाठ, मग कॅमेरा

कुठलीही वाट धरा, पाठ तीच लागते. म्हणून ती आधी बनवावी. पुढे बेत बदलला तरी फुकट जात नाही. ४×५च्या प्रमाणित होल्डरमध्ये (फिल्म धरणाऱ्या चपट्या चौकटीत) टेकायच्या कडेपासून आतल्या पत्र्यापर्यंतची खोली ५ मिमी असते. फिल्मची जाडी ०.१८ मिमी. म्हणजे फोकस बघायच्या घासलेल्या काचेची खरखरीत बाजू त्याच कडेपासून ४.८ मिमी आत हवी, आणि ती बाजू लेन्सकडे हवी. काच उलटी बसली की फोकस काचेच्या जाडीमुळे हुकतो. नवख्या कॅमेऱ्यांत सर्रास दिसणारा दोष हाच.

होल्डरमध्ये एक वाया गेलेली शीट घाला, कडेवर पोलादी पट्टी आडवी ठेवा आणि व्हर्नियर कॅलिपरच्या दांडीने पाच ठिकाणी खोली मोजा. पाठीवरही तसंच मोजा. फरक निघाला तर काचेखाली कागदाच्या पट्ट्या घाला. साधा ८० जीएसएम कागद जवळपास ०.१ मिमी जाड असतो. लेन्सचं तोंड एफ ५.६ इतकं उघडं असेल तर सुमारे अर्धा मिमी चूक चालते, एफ २२ इतकं बारीक केलं तर दोन मिमीसुद्धा झाकली जाते. त्यामुळे निसर्गचित्रं छान येतात आणि पोर्ट्रेटला मात्र डोळ्याऐवजी कान स्पष्ट येतो.

काच घरीच घासता येते. २ मिमीची साधी काच, ४०० नंबरची कार्बोरंडम पूड, थोडं पाणी आणि वर काचेचाच छोटा तुकडा. पंधरा-वीस मिनिटं गोल गोल फिरवा, मग ६०० नंबरवर तेवढंच. घाई केली की मध्ये तकतकीत ठिपके राहतात आणि नेमका तिथेच फोकस दिसत नाही. होल्डर दाबून धरायच्या स्प्रिंगसाठी स्टीलची पातळ पट्टी घ्या. डार्क स्लाइड, म्हणजे फिल्म झाकणारी सरकती पट्टी, ओढताना होल्डर सरकू नये म्हणून होल्डरवरची उठलेली रेघ पाठीतल्या खाचेत बसलीच पाहिजे. हे माप हातातल्या होल्डरवरूनच घ्या.

डबा

१२ मिमी प्लाय, ९० मिमी फोकल लेंग्थची लेन्स, आत ब्लॅकबोर्डचा मॅट काळा रंग. लेन्स कोपाल ० या मापाच्या शटरमध्ये असेल तर पाटीला ३४.६ मिमीचं भोक लागतं. पुढची पाटी लगेच चिकटवू नका. काचेवर दूरचं दृश्य स्पष्ट करून घ्या आणि तिथून लेन्स सव्वादोन मिमी पुढे आणून पक्की करा. एफ २२ ला साधारण १.८५ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. व्ह्यूफाइंडरसाठी ९६ × १२० मिमीची तारेची चौकट आणि तिच्या मागे ९० मिमीवर डोळा लावायला भोक, एवढं पुरतं.

डब्याला सगळ्यात जास्त त्रास पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर प्लायच्या उघड्या कडा पाणी पितात, फुगतात आणि पाठ वाकते. रंगाआधी कडांवर सँडिंग सीलरचे दोन हात द्या. सागवान वापरत असाल तर चिकटवायच्या जागा थिनरने पुसा. सागाच्या तेलामुळे सांधा नंतर सुटतो. थ्रीडी प्रिंटचा डबाही होतो, पण त्यातलं पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. एप्रिलच्या दुपारी बंद गाडीत ठेवून पाहू नये.

मोनोरेल

इथे खरी मेहनत भात्याची. १५० मिमी लेन्सने वस्तू तिच्याच आकाराएवढी टिपायची तर लेन्सपासून फिल्मपर्यंत ३०० मिमी ताण लागतो. त्यासाठी सपाट मापात सुमारे ४०० मिमी कापड धरा. बाहेर पातळ काळं रेक्झिन, आत काळं सुती कापड, मध्ये २५० जीएसएम कार्डाच्या १८ मिमी रुंद पट्ट्या आणि दोन पट्ट्यांमध्ये २ मिमी फट. एका बाजूला वीस पट्ट्या होतात. चिकटवायला फेविकॉल एसआरसारखा रबरी गोंद घ्या. पांढऱ्या फेविकॉलमधल्या पाण्याने कार्ड वळतं. गोंद पुरता कडक व्हायच्या आत घड्या पाडा, रात्रभर वजनाखाली ठेवा. सांधा कोपऱ्यावर नको, खालच्या बाजूच्या मध्यावर घ्या.

कोल्हापुरात कातड्याला तोटा नाही, पण चपलेचं कातडं इथे कामाचं नाही. ते फार जाड असतं, घडीच धरत नाही. स्कूटरच्या सीटचं रेक्झिनही तसंच.

रेलसाठी ३० × ३० मिमीचं खाचेचं अ‍ॅल्युमिनियम, ४०० मिमी लांब. पुढची-मागची चौकट ५ मिमी अ‍ॅल्युमिनियम प्लेटची असेल तर डगमग कमी. सगळ्यात चिडवणारा दोष म्हणजे नॉब आवळताना फोकस सरकणं. नॉबखाली नायलॉनचा वॉशर घाला आणि आवळून झाल्यावर काच पुन्हा बघा. ट्रायपॉडच्या भोकासाठी टर्नरला पाव इंच, २० आटे सांगा. त्याने व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश आट्याचा) टॅप मारला तरी स्क्रू बसतो.

एवढा खटाटोप कशासाठी? तर लेन्स वर सरकवण्यासाठी. समजा २० मीटर उंच इमारत ३० मीटरवरून घ्यायची, कॅमेरा दीड मीटर उंचीवर आणि सरळ. १५० मिमी लेन्सने तिचं टोक फिल्मवर मध्यापासून ९२ मिमीवर पडतं. उभ्या फिल्मची अर्धी उंची ६० मिमी, म्हणजे लेन्स ३२ मिमी वर हवी आणि प्रतिमेचं वर्तुळ, म्हणजे लेन्स जेवढ्या गोलात चित्र पाडते तो, किमान २०८ मिमीचं. एफ २२ ला २१० मिमी वर्तुळ देणारी लेन्स कशीबशी पुरते. आता तेच ९० मिमीच्या डब्याने घेतलं तर टोक ५५ मिमीवर येतं, म्हणजे लेन्स न हलवताच फ्रेममध्ये बसतं. फक्त खालचा जवळपास अर्धा भाग रस्त्याचा, तो कापून टाकायचा. फिल्म मोठी असल्याने हे परवडतं. म्हणून नुसत्या इमारतींसाठी रेल बांधायची घाई करू नये. दागिने, भांडी, जवळच्या वस्तू, किंवा फोकसची पातळी तिरकी करायची असेल तर मात्र रेलला पर्याय नाही. आणि पन्हाळ्याच्या वाऱ्यात भाता शिडासारखा फुगतो, हेही धरून चाला.

जुना स्टुडिओ कॅमेरा

केरळात अलप्पुळाला बनलेले वागीश्वरी आणि तसलेच इतर फील्ड कॅमेरे अजून सापडतात. हाफ प्लेट आणि फुल प्लेट ही जुन्या काचेच्या प्लेटांची मापं. हाफ प्लेटचं तोंड ४¾ × ६½ इंच, फुल प्लेटचं ६½ × ८½. दोन्हींत ४×५ची पाठ आरामात मावते. प्लायची मधली पाटी घालून ती बसवायची. पाटीच्या जाडीने फिल्म मागे जाते, पण फोकस काचेवर बघूनच करायचा असल्याने बिघडत नाही. फटका बसतो तो रुंद लेन्सला. भाता पूर्ण दाबूनही ९० मिमीपर्यंत येतोच असं नाही.

घेण्याआधी अंधाऱ्या खोलीत भात्यात मोबाइलचा टॉर्च लावा. कोपऱ्यांवर चार-दोन ठिपके चमकले तर काळ्या फॅब्रिक पेंटने बुजतात. घडीच्या पूर्ण लांबीची रेघ चमकली तर भाता नवा धरा, आणि मग मेहनत रेलएवढीच. फोकस सरकवणारे पितळी दात झिजलेत का तेही पाहा. नावाची पितळी पट्टी शाबूत असेल तर लाकडाला भोकं पाडू नका, मूळच्या कड्यांतच पाटी अडकवा.

अशा कॅमेऱ्यावर बहुधा बिनशटरची पितळी लेन्स असते. १०० आयएसओ फिल्मला भर उन्हात लेन्सची टोपी काढून घालण्याइतका वेळच मिळत नाही. म्हणून कागदी निगेटिव्ह, म्हणजे फिल्मऐवजी फोटोचा कागद, घ्या. त्याची संवेदनशीलता ६ आयएसओच्या आसपास. एफ ४५ ला उन्हात सव्वा सेकंद लागतो, तेवढं हाताने जमतं.

पहिलाच कॅमेरा असेल तर डबा. भाता धड असलेला जुना कॅमेरा स्वस्तात मिळाला तरच तिसरी वाट.

चाचणीसाठी महाग फिल्म जाळू नका. लाल दिव्यात ८ × १० इंची एक्स-रे फिल्म कापली की चार शीट होतात. कापून १०० × १२५ मिमी करा, पूर्ण ४ × ५ इंच होल्डरमध्ये जात नाही. दोन्ही बाजूंना इमल्शन (प्रकाशाला संवेदनशील थर) असतं, म्हणून एका वेळी एकच शीट, गुळगुळीत तळाच्या ट्रेमध्ये. दुकानात मात्र रसायनात धुवायची फिल्म मागा. डिजिटल मशीनची ड्राय फिल्म उष्णतेवर चालते, कॅमेऱ्यात ती कोरीच राहील.