लॅन्सेटचा कागद दाखवून माझ्या काकांना गंडवलं

काकांचं वय 68, अंगकाठी सडपातळ, मधुमेह चौदा वर्षांपासून. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट आहे. अशा माणसाला मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर कोलेस्टेरॉलची गोळीसुद्धा बंद करायला लावली, म्हणून हे लिहितेय.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी मंगल कार्यालयात 'मधुमेहमुक्ती शिबिर' भरलं होतं. काकांच्या हातात एक पितळी दांडी दिली, लॅपटॉपवर रंगीत पट्ट्या नाचल्या आणि 'स्वादुपिंड 38 टक्के कार्यरत' असा रिपोर्ट छापून आला. रक्ताचा थेंबही घेतला नाही! दांडी धरून स्वादुपिंडाचं काम कळत नसतं. एचबीए1सी, म्हणजे सरासरी साखरेची तपासणी, करायलाही रक्तच लागतं, कारण तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, त्यावरून साधारण तीन महिन्यांचा हिशेब लागतो.

मग लॅमिनेट केलेला कागद पुढे आला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला 2017 चा ब्रिटनचा अभ्यास. दोनच ओळी पिवळ्या केलेल्या: 46 टक्के लोकांचा मधुमेह ओसरला, आणि औषधं थांबवली. "काका, हे आम्ही नाही, इंग्लंडचे डॉक्टर सांगतायत." चूर्ण आणि काढ्याचे 24,000 रुपये घेतले. पावतीवर मात्र 'आहार मार्गदर्शन शुल्क'.

सगळ्यात संताप याचा येतो की तो अभ्यास खरा आहे. 'डायरेक्ट' म्हणतात त्याला. त्यात चूर्ण नाही की काढा नाही. पहिले तीन ते पाच महिने लोक दिवसाला जेमतेम 825 ते 853 कॅलरींच्या सूप-शेकवर होते. यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी उतरली की इन्सुलिन पुन्हा लागू पडू लागतं, हा त्यामागचा विचार. ज्यांचं वजन 15 किलो किंवा त्याहून जास्त उतरलं, त्यांच्यात 86 टक्के लोकांना गुण आला. पण घेतलेली माणसं होती वजनदार, 20 ते 65 वयाची, मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतली, इन्सुलिन न घेणारी. वजन, वय, मधुमेहाची वर्षं, यातल्या कशातच काका बसत नव्हते. शिवाय थांबवलेल्या गोळ्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या होत्या, त्याही डॉक्टरी देखरेखीखाली. स्टेंटवाल्याची स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, सोडा, असं तो कागद कुठेही म्हणत नाही. यकृत कोलेस्टेरॉल तयार करतं, स्टॅटिन ते रोखतं. गोळी सुटली की एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, काही आठवड्यांत पुन्हा चढतं.

काकांचं तसंच झालं. साखर 300 च्या वर गेली तेव्हा शिबिरवाले फोनवर म्हणाले, "घाबरू नका, शरीर साखर बाहेर टाकतंय." काकूंनी ऐकलं नाही, थेट तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. एचबीए1सी 10.2, एलडीएल 64 वरून 151. गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या, इन्सुलिनही लागलं. शिबिरवाल्यांचा नंबर त्यानंतर बंदच.

मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. आम्ही पत्रक, पावती आणि उरलेली चूर्णाची डबी घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. तुमच्याकडे असं शिबिर येऊन गेलं असेल तर डबी फेकू नका, ती तपासायला लागते. आणि घरातल्या कुणी गोळ्या सोडल्या असतील तर आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा.