मेडिकल कोडिंगच्या क्लासमध्ये गेलेले ४५ हजार

बी.एस्सी. झाल्यावर मी सांगलीत विश्रामबागच्या एका क्लासला मेडिकल कोडिंगसाठी नाव घातलं. फी ४५ हजार. अण्णांनी तासगावच्या सौद्यातल्या बेदाण्याच्या पट्टीतून ती भरली. "तीन महिन्यांत इंटरनॅशनल सर्टिफिकेट, पुण्यात नोकरी नक्की," असं क्लासच्या मॅडम त्यांच्यासमोर बोलल्या होत्या.

काम खरं आहे आणि चांगलं आहे. अमेरिकेतल्या पेशंटची फाईल वाचून आजाराला आयसीडी-१० या यादीतला आणि उपचाराला सीपीटी या यादीतला कोड द्यायचा, त्यावर तिथली विमा कंपनी बिल देते. आपल्याकडच्या कंपन्या यासाठी मुलं घेतात, म्हणून तर विश्वास बसला.

क्लासमध्ये कोडची पुस्तकं कधी हातात आलीच नाहीत, नुसत्या झेरॉक्स. मधुमेहाचा ई११.९ मला पाठ होता. त्याच मधुमेहाने किडनी बिघडली असेल तर कोड बदलतो, हे कुणी शिकवलं नाही. शेवटी मोबाइलवर ३० प्रश्न सोडवले. सगळे पास! सर्टिफिकेटवर सोनेरी शिक्का आणि ठळक अक्षरांत 'सीपीसी'.

पुण्यात मुलाखतीला बाईंनी मेंबर नंबर विचारला. कसला नंबर, हेच मला माहीत नव्हतं. मग त्यांनीच समजावलं. सीपीसी ही एएपीसी या अमेरिकन संस्थेची परीक्षा. तिचं सभासदत्व घ्यावं लागतं, परीक्षेची फी वेगळी. १०० प्रश्न, ४ तास, पास व्हायला ७० टक्के. आणि कोडची पुस्तकं समोर ठेवूनच ती देतात. पुस्तक उघडून नेमका कोड शोधायची सवय लागते तिथे, आणि आम्ही तीन महिने घोकत बसलो होतो. त्या दिवशी स्वारगेटला एसटीत बसल्यावर मला रडू आवरलं नाही.

खरं सर्टिफिकेट त्या संस्थेच्या वेबसाइटवर तपासता येतं. फी भरायच्या आधी शिकवणाऱ्या सरांचाच मेंबर नंबर मागा आणि तिथेच बसून मोबाइलवर बघा. टाळाटाळ झाली तर उठून या. परीक्षेची फी कोण भरणार, तेही लिहून घ्या.

आता ग्राहक आयोगात जातेय. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. अर्ज लिहून झालाय. पावती मात्र १५ हजारांचीच आहे. बाकीचे ३० हजार मॅडमनी अण्णांकडून रोख घेतले होते, "पावती नंतर देते" म्हणून.